निमलष्करी दले आणि समाज : जुन्नर–आंबेगावच्या अनुभवातून

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

- 'निमलष्करी दल' या संज्ञेचा अर्थ आणि तिच्या मर्यादा सांगता येतील.
- लष्कर, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, राज्य राखीव पोलीस दल आणि होमगार्ड यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- जुन्नर–आंबेगाव परिसराच्या इतिहासातील सशस्त्र दले आणि स्थानिक समाज यांचे नाते उलगडता येईल.
- नाईक, हवालदार, शिबंदी अशा शब्दांच्या अर्थांत झालेले बदल समाजाच्या इतिहासाशी जोडून पाहता येतील.
- एखाद्या सशस्त्र दलाच्या भूमिकेचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

श्रावणातल्या सोमवारी आपण घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेलात, तर गर्दीला वाट दाखविणाऱ्या खाकी गणवेशातील स्त्री-पुरुषांत काही पोलीस असतात आणि काही होमगार्ड असतात. एरवी हेच होमगार्ड शेती करतात, दुकान चालवितात किंवा दूध डेअरीवर काम करतात. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला जवान बहुधा परप्रांतीय असतो आणि त्याला मराठी येत नाही. तो केंद्रीय दलाचा असतो. दरड कोसळते तेव्हा नारिंगी पोशाखातील माणसे येतात. हे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल होय. आपण मात्र या सर्वांना सरसकट 'पोलीस' म्हणतो, नाही तर 'मिलिटरी आली' असे म्हणून मोकळे होतो.

बोलण्यात हे चालून जाते. अभ्यासात चालत नाही. कोणत्या दलाला कोण बोलावू शकते, ते कोणाच्या हुकमात वागते आणि त्याच्याकडून चूक झाली तर जाब कोणाकडे मागायचा, हे प्रत्येक दलाच्या बाबतीत वेगळे आहे. नागरिकाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. प्रस्तुत घटकात आपण हा भेद समजून घेणार आहोत. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आधाराला घेतले आहेत. या डोंगराळ मुलखाने सशस्त्र दलांची अनेक रूपे पाहिली आहेत. घाटवाटा राखणारे नाईक येथे होते, बंडकऱ्यांचा पाठलाग करणारे पोलीस येथे आले, आणि माळीणच्या चिखलातून मृतदेह बाहेर काढणारे जवानही येथेच आले.

२. संज्ञेचा विचार

'निम' म्हणजे अर्धा. निमशासकीय, निमशहरी या शब्दांत आपल्याला तो आढळतो. 'लष्कर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्यामुळे 'निमलष्करी' याचा शब्दशः अर्थ 'अर्धे लष्करी' असा होतो. लष्करासारखी रचना, गणवेश, कवायत, शस्त्रे आणि शिस्त आहे, परंतु जे देशाच्या नियमित सैन्याचा भाग नाही, असे दल म्हणजे निमलष्करी दल, अशी प्राथमिक व्याख्या आपण करू शकतो.

ही व्याख्या सोयीची असली तरी सैल आहे. भारतात सीमा सुरक्षा दल (स्थापना १९६५), केंद्रीय राखीव पोलीस दल (१९३९), केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (१९६९), भारत-तिबेट सीमा पोलीस (१९६२) आणि सशस्त्र सीमा बल (१९६३) या पाच दलांना वर्तमानपत्रे 'निमलष्करी' म्हणतात. केंद्रीय गृह मंत्रालयाने मात्र २०११ पासून त्यांच्यासाठी 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दले' ही संज्ञा स्वीकारली आहे. काटेकोर अर्थाने 'निमलष्करी' हे विशेषण आसाम रायफल्सला लागू पडते. त्या दलाचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे आणि प्रत्यक्ष कारवाईचे नियंत्रण भूदलाकडे असते. त्याचे मूळ १८३५ मध्ये उभारलेल्या 'कछार लेव्ही' या तुकडीत आहे.

नावाचा हा वाद केवळ शब्दांचा नाही. 'पोलीस' म्हटले की एक प्रकारचे सेवानियम लागू होतात आणि 'सशस्त्र सेना' म्हटले की दुसऱ्या प्रकारचे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दले संघराज्याच्या सशस्त्र सेनांत मोडतात असे मानून त्यांच्या जवानांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असल्याचा निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. एका संज्ञेच्या अर्थावर लक्षावधी कुटुंबांच्या म्हातारपणाची भाकरी अवलंबून असू शकते, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

राज्य पातळीवर महाराष्ट्रात राज्य राखीव पोलीस दल आहे. त्याची उभारणी १९४८ पासून झाली आणि १९५१ च्या कायद्याने त्याला स्वतंत्र वैधानिक आधार मिळाला. पुणे जिल्ह्यात पुणे शहर आणि दौंड येथे या दलाचे गट आहेत. दंगल, निवडणूक, वारी, मोठ्या यात्रा अशा प्रसंगी स्थानिक पोलिसांचे बळ अपुरे पडते, तेव्हा या दलाच्या तुकड्या मागविल्या जातात.

तिसरा स्तर होमगार्डचा. ६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या काळात, मुंबई प्रांतात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ही नागरिकांची स्वयंसेवी संघटना सुरू झाली. १९४७ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर ती देशभर विस्तारली. होमगार्ड हा पूर्णवेळ नोकर नसतो. बोलावणे आले की तो गणवेश चढवितो आणि ज्या दिवसांचे काम केले त्या दिवसांचा भत्ता घेतो.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानी सेवा दल (१९२३), राष्ट्रीय स्वयंसेवक संघ (१९२५), समता सैनिक दल, राष्ट्र सेवा दल (१९४१) अशा अनेक संघटना निरनिराळ्या विचारांनी उभ्या राहिल्या. त्यांत गणवेश होता, कवायत होती, शिस्त होती. परंतु त्यांना राज्यसंस्थेने शस्त्र किंवा अधिकार दिलेला नव्हता. म्हणून वरील कायदेशीर अर्थाने त्या निमलष्करी दले ठरत नाहीत. बाह्य रूप सारखे असले तरी अधिकाराचा स्रोत वेगळा असतो. निमलष्करी दल ओळखताना प्रथम हा स्रोत पाहावा.

३. डोंगरी मुलखातील पूर्वपरंपरा

राज्याचे नियमित सैन्य एकीकडे आणि गावाची राखण दुसरीकडे, यांच्या मधल्या जागेत शस्त्र बाळगणारी माणसे जुन्या महाराष्ट्रातही होती. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट ही सातवाहन काळापासूनची व्यापारी वाट. शिवनेरी, हडसर, चावंड आणि जीवधन हे किल्ले या वाटेच्या परिसरावर नजर ठेवून होते. वाट, घाट आणि जंगल राखण्याचे काम मैदानी मुलखातल्या सैन्याकडून होण्यासारखे नव्हते. ते डोंगराची ओळख असलेल्या लोकांकडेच सोपवावे लागे.

सुलतानी अंमलात या डोंगररांगांतील 'बावन्न मावळां'त महादेव कोळी नाईकांची व्यवस्था होती. एकेका मावळावर एकेक नाईक आणि या सर्वांवर जुन्नरला एक सरनाईक, अशी तिची रचना सांगितली जाते. अलेक्झांडर मॅकिन्टॉश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात महादेव कोळी समाजाविषयी लिहिलेल्या वृत्तांतात आणि पुढे पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या व्यवस्थेची नोंद आहे. नाईकांनी मुलूख राखावा, वाटा सुरक्षित ठेवाव्यात आणि त्याबदल्यात त्यांना हक्क-मानपान मिळावेत, असा हा व्यवहार होता.

व्यवहार मोडला की संघर्ष होई. मोगल अंमलात सतराव्या शतकाच्या मध्यास कोळी नाईकांनी केलेला उठाव चिरडला गेला. त्यात पकडलेल्यांना जुन्नरला ठार करण्यात आले, असे परंपरा सांगते. शिवनेरीवर आजही कोळी चौथरा दाखविला जातो. राखणदार आणि बंडखोर या दोन वेगळ्या जमाती नव्हत्या. राज्याशी असलेले नाते टिकले तेव्हा जो राखणदार होता, तोच नाते तुटल्यावर बंडखोर ठरला.

शस्त्रधारी माणसावर अंकुश कसा ठेवावा, हा प्रश्न जुन्या राज्यकर्त्यांनाही पडला होता. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, असे सभासदाच्या बखरीतून कळते. गड एकाच माणसाच्या हाती राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. शस्त्र एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे आणि हुकूम देताना दोघांची एकमेकांवर नजर, हे तत्त्व आजच्या लोकशाहीतील नियंत्रणाच्या कल्पनेला परके नाही.

४. इंग्रजी अंमल : शिबंदी मोडली, दल उभे राहिले

१८१८ मध्ये पेशवाई संपली. किल्ल्यांवरील शिबंदी मोडण्यात आली आणि डोंगरी भागातील अनेक राखणदारांची नोकरी व हक्क गेले. शस्त्र चालविण्याचे कौशल्य राहिले, उत्पन्न मात्र राहिले नाही. त्यातच नव्या महसूल पद्धतीमुळे रोख रकमेची गरज वाढली आणि सावकाराचे कर्ज दारात आले. अकोले भागातील राघोजी भांगरे यांच्या उठावाला ही पार्श्वभूमी होती. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी एक उलटी गोष्ट घडली. १८५७ मध्ये इंग्रज सरकारने नटॉल या अधिकाऱ्याच्या हाताखाली अहमदनगर भागात 'कोळी कोअर' नावाचे हंगामी दल उभारले. त्यात महादेव कोळी तरुणांची भरती करण्यात आली. ज्या समाजाच्या नायकाला फाशी दिले होते, त्याच समाजाला सरकारने बंदूक दिली, कारण डोंगर त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी या दलाचा उपयोग झाला. गरज संपताच १८६१ मध्ये ते बरखास्त करण्यात आले. एका डोंगरी समाजाला दुसऱ्या डोंगरी समाजाविरुद्ध उभे करायचे आणि काम झाल्यावर घरी पाठवायचे, ही पद्धत येथे स्पष्ट दिसते.

पुढचा प्रसंग थेट आंबेगाव तालुक्यातला आहे. जांभोरी गावच्या होनाजी भागोजी केंगले यांनी १८७३ पासून सावकारांविरुद्ध हल्ल्यांची मालिका सुरू केली. १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचे दंगे पसरले. होनाजींचा उठाव हा त्याच आर्थिक अस्वस्थतेचा डोंगरी आविष्कार होता. त्यांच्या शोधासाठी सशस्त्र पोलिसांची खास तुकडी डोंगरात फिरत राहिली. १८७६ मध्ये पोलीस अधिकारी मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. याच डॅनियलने पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना पकडले.

सरकारी कागदपत्रांत होनाजी 'दरोडेखोर' आहेत. आजच्या स्थानिक स्मृतीत ते 'क्रांतिकारक' आहेत. मराठीत या दोहोंच्या मध्ये 'बंडकरी' हा आणखी एक शब्द आहे. सशस्त्र दल ज्याचा पाठलाग करते त्याला कोणते नाव द्यायचे, हे बहुधा दल पाठविणारी सत्ता ठरविते. ते नाव पुढे टिकते की बदलते, हे मात्र समाज ठरवितो.

५. शब्दांचा प्रवास

वरील विवेचनात आलेले काही शब्द भाषेच्या अंगाने पाहू.

*शिबंदी* : हा शब्द फारसी 'सिहबंदी' म्हणजे 'तिमाही वेतनाची व्यवस्था' यावरून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. वेतनाच्या पद्धतीचे नाव पुढे ते वेतन घेणाऱ्या शिपायांना लागले. गडाचे रक्षण आणि महसूल-वसुलीला मदत ही शिबंदीची कामे होती. आजच्या भाषेत जिला आपण निमलष्करी म्हणू, त्या सेवेच्या जवळचा हा जुना मराठी शब्द आहे.

*हवालदार* : ज्याच्या हवाली काही केले आहे तो. शिवकाळात हवालदार हा गडाचा प्रमुख अधिकारी होता. आज पोलीस दलातील तो कनिष्ठ दर्जाचा कर्मचारी आहे. अर्थाची प्रतिष्ठा कमी होण्याच्या या प्रक्रियेला भाषाविज्ञानात 'अर्थापकर्ष' म्हणतात.

*नाईक* : संस्कृत 'नायक' वरून आलेला शब्द. बावन्न मावळांत नाईक हा मुलखाचा प्रमुख होता. पुढे लष्करात आणि पोलिसांत शिपायाच्या वरची पायरी एवढाच त्याचा अर्थ उरला.

या दोन शब्दांचा अपकर्ष योगायोगाने झाला नाही. परकीय सत्तेने वरची पदे स्वतःकडे ठेवली आणि एतद्देशीयांसाठी खालची पदे ठेवली. जुनी मानाची नावे त्या खालच्या पदांना दिली गेली. समाजातील सत्तांतर शब्दांच्या अर्थांत कसे नोंदले जाते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

६. माळीण : दल मदतीला येते तेव्हा

बुधवार, ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या पाणलोटातील माळीण या गावावर सकाळी डोंगराचा कडा कोसळला. गावठाणातील चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने दिलेल्या वर्दीमुळे बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. या दुर्घटनेत १५१ माणसे मरण पावली.

मदतीसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पुणे जिल्ह्यातीलच तळेगाव परिसरातून आल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने हे दल निर्माण झाले आणि २००६ पासून ते कार्यरत आहे. त्याचे जवान केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. सीमेवर पहारा देण्याचे किंवा दंगल शमविण्याचे शिक्षण घेतलेला जवान येथे ढिगारा उपसणे, श्वानपथकाच्या साहाय्याने शोध घेणे आणि जखमींना हलविणे यांचे नवे शिक्षण घेतो. एका शोध-बचाव पथकात सुमारे ४५ जण असतात आणि त्यांत अभियंते, तंत्रज्ञ व वैद्यकीय कर्मचारीही असतात.

माळीणमध्ये पाऊस थांबत नव्हता, रस्ता अरुंद होता आणि चिखल पुन्हा पुन्हा खाली सरकत होता. ज्या ढिगाऱ्यात माणूस जिवंत असू शकतो तेथे यंत्राचा दात जपून चालवावा लागतो. पुढे जिवंत सापडण्याची आशा मावळली, तरी काम थांबले नाही. जवळजवळ आठवडाभर जवान, पोलीस, महसूल कर्मचारी आणि ग्रामस्थ मृतदेह शोधत राहिले. आप्ताचा देह मिळणे आणि त्याला अग्नी देता येणे ही मागे राहिलेल्यांची शेवटची गरज असते. तीही दलाच्या कामाचा भाग झाली.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, दल कितीही तत्पर असले तरी ते काही तासांनी पोहोचते. पहिल्या तासांत हात देणारे शेजारच्या वाडीचे लोकच असतात. २०२१ मधील महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मधील खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या दुर्घटनांतही याचा प्रत्यय आला. इर्शाळवाडीला तर वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. म्हणून गावपातळीवरील प्रशिक्षण हे दलाला पर्याय नसून त्याचा पाया आहे. राज्य राखीव पोलीस दलातील मनुष्यबळातून महाराष्ट्राने धुळे व नागपूर येथे राज्य आपत्ती प्रतिसाद दल उभारले, त्यामागेही अंतर कमी करण्याचाच विचार आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बचाव हे दलाचे काम आहे, पण दरड कोसळू नये यासाठी उताराची पाहणी, पाण्याचा निचरा आणि धोक्याच्या वस्तीचे वेळेवर स्थलांतर ही नागरी प्रशासनाची कामे आहेत. गणवेशातील माणसाच्या शौर्याचे आपण कौतुक करतो, तेव्हा त्या शौर्याची वेळ का आली, हा प्रश्न मागे पडता कामा नये. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि २०१७ मध्ये घरे त्यांच्या स्वाधीन झाली. त्या कामात बंदूक किंवा गणवेश नव्हता. तरीही ते सुरक्षेचेच काम होते.

७. भूमिकेचे मूल्यमापन : चार प्रश्न

कोणत्याही निमलष्करी दलाकडे पाहताना आपण चार प्रश्न विचारावेत.

१. *त्याला कोणी बोलावले?* आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याचे विषय आहेत. राज्यात नागरी सत्तेच्या साहाय्यासाठी केंद्रीय दले तैनात करण्याचा विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने केंद्र सूचीत समाविष्ट झाला. केंद्र आणि राज्य यांच्या संबंधांत हा मुद्दा अनेकदा वादाचा ठरतो.

२. *ते कोणाच्या हुकमात वागते?* माळीणमध्ये दल नागरी प्रशासनाच्या साहाय्यासाठी आले होते. जागेची, माणसांची आणि रस्त्यांची माहिती प्रशासनाकडे व ग्रामस्थांकडे होती, कौशल्य दलाकडे होते.

३. *ते किती काळ राहणार?* काम संपल्यावर परत जाणारे दल आणि वर्षानुवर्षे वस्तीत तळ ठोकून राहणारे दल यांचे समाजाशी नाते सारखे नसते. दीर्घ मुक्कामाने जवानही थकतो आणि गावही. भाषा न कळणारा, घरापासून दूर असलेला जवान आणि त्याच्याकडे संशयाने पाहणारा ग्रामस्थ, दोघेही एकमेकांच्या दृष्टीने अनोळखी राहतात.

४. *ते उत्तरदायी कोणाला?* केंद्रीय राखीव पोलीस दलाचा कायदा १९४९ चा, सीमा सुरक्षा दलाचा १९६८ चा. प्रत्येक दल कायद्याने बांधलेले आहे. तथापि मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या १९व्या कलमानुसार सशस्त्र सेनांविरुद्धच्या तक्रारींत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अधिकार मर्यादित आहेत. त्या कायद्यातील 'सशस्त्र सेना' या संज्ञेत संघराज्याची इतर सशस्त्र दलेही येतात. संज्ञेचा अर्थ किती दूर पोहोचतो, हे येथे पुन्हा दिसते.

आता हे प्रश्न 'कोळी कोअर'ला लावून पाहा. त्या दलाला परकीय सत्तेने बोलावले, ते तिच्याच हुकमात राहिले आणि तिच्याच सोयीने संपले. स्थानिक समाजाला त्याने उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता. हाच विचार आपल्या काळातील एका खटल्यात वेगळ्या रूपाने पुढे आला. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' या मोहिमेच्या काळात अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून शस्त्रे देण्यात आली होती. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. तुटपुंज्या प्रशिक्षणावर, अल्प मानधनावर गरीब तरुणांना मृत्यूच्या तोंडी देणे हा समानतेच्या व जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने मानले.

याचा अर्थ स्थानिक तरुणांनी दलात जाऊच नये, असा नाही. गडचिरोलीत १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० या पोलीस पथकातही स्थानिक तरुण आहेत, परंतु ते पोलीस दलाच्या नियमित रचनेचा भाग आहेत. पूर्ण प्रशिक्षण, नियमित वेतन, सेवेची हमी आणि कायद्याचे उत्तरदायित्व या गोष्टी असतील तर दल ही रोजगाराची आणि सन्मानाची वाट ठरते. त्या नसतील तर तेच दल माणसाला वापरून टाकून देते. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली आपण आपल्या गावात पाहत असाल. कदाचित त्यांत आपल्या घरचेही कोणी असेल. त्यांना कोणत्या अटींवर गणवेश मिळणार आहे, हे विचारण्याचा समाजाला हक्क आहे.

८. सारांश

निमलष्करी दल हे लष्कर आणि नागरी पोलीस यांच्या मधल्या जागेत उभे असते. भारतात केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, राज्य राखीव पोलीस दल आणि होमगार्ड असे त्याचे स्तर दिसतात. जुन्नर–आंबेगावच्या इतिहासात ही मधली जागा कधी नाईकांनी, कधी शिबंदीने, कधी हंगामी दलाने भरली. राज्य आणि राखणदार यांच्यातील विश्वास तुटला, तेव्हा संघर्ष झाला. शब्दांच्या अर्थांतही हे बदल उमटले. माळीणच्या दुर्घटनेत दलाचे मानवी रूप दिसले आणि त्याची मर्यादाही दिसली. दल लोकांचे रक्षक ठरते की लोकांवरचे ओझे, हे त्याच्या शस्त्रांवर अवलंबून नसते. त्याला बोलावण्याचा अधिकार, हुकूम, मुदत आणि उत्तरदायित्व यांवर ते ठरते.

९. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. होमगार्ड संघटनेची सुरुवात कोणत्या साली व कोणत्या प्रांतात झाली?
२. आसाम रायफल्सवर कोणाचे दुहेरी नियंत्रण असते?
३. 'शिबंदी' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता मानला जातो?

(आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.

१. 'हवालदार' आणि 'नाईक' या शब्दांच्या अर्थापकर्षाची सामाजिक कारणे स्पष्ट करा.
२. 'कोळी कोअर'ची उभारणी आणि बरखास्ती यांतून कोणते धोरण दिसते?

(इ) सुमारे ४०० शब्दांत उत्तर लिहा.

१. माळीण दुर्घटनेच्या आधारे आपत्तीच्या प्रसंगी दल, प्रशासन आणि ग्रामस्थ यांच्या परस्परपूरक भूमिकांची चर्चा करा.

१०. उपक्रम

आपल्या गावातील किंवा परिसरातील होमगार्ड, निवृत्त जवान अथवा आपत्तीच्या प्रसंगी मदतीला धावलेल्या ग्रामस्थाशी बोला. त्यांच्या बोलण्यात येणारे बंदोबस्त, गस्त, पहारा, वर्दी, ड्युटी यांसारखे शब्द टिपून घ्या. प्रत्येक शब्द कोणत्या भाषेतून आला आणि आज तो कोणत्या अर्थाने वापरला जातो, याची दोन पानांची नोंद तयार करा. बोलणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याचे नाव नोंदीत लिहू नका.